अमेरिकेत तिकीट कोण देतं? प्रायमरी, सह्या आणि साधा मतदार

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या आमच्या अभ्यासमंडळाने पुढच्या बैठकीला अमेरिकेतल्या प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक, हा विषय घेतला आहे. भिंतीवर लावायला एक तक्ता करायचा आहे आणि त्यात चूक राहू नये म्हणून इथे विचारतो. बैठकीला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी न्यू जर्सीत आहे, त्यामुळे प्रश्न नुसते पुस्तकी येणार नाहीत.

आपल्याकडे तिकीट वरून येतं. उमेदवाराच्या हातात पक्षाचा बी फॉर्म पडला तर तो अधिकृत, नाही पडला तर अपक्ष किंवा बंडखोर. २०२४ मध्ये बडोद्यात भाजपने रंजनबेन भट्ट यांचं नाव जाहीर केलं, शहरात विरोधाचे फलक लागले, त्यांनी माघार घेतली आणि हेमांग जोशी उमेदवार झाले. या सगळ्यात मतदाराला विचारायची सोयच नव्हती. अमेरिकेत साधा मतदारच उमेदवार ठरवतो असं वाचतो, पण नेमकं कसं ते कुठे सरळ सापडत नाही.

पक्षाची पावती न फाडलेला माणूस पक्षाचा उमेदवार कसा निवडतो? त्याला मुदत काय? ज्याला उभं राहायचं आहे त्याचं नाव मतपत्रिकेवर कसं येतं? पुढाऱ्यांना तो नकोसा असेल तर ते त्याला अडवू शकतात का? आणि तिकडे ग्रीन कार्डवर किंवा एच-वन-बीवर असलेल्या आपल्या मुलांनी यात कुठपर्यंत भाग घ्यावा?

जर्सीतला_बडोदेकर

काका, तक्त्याच्या डोक्यावर सगळ्यात आधी हे लिहा: प्रायमरी ही पक्षाची बैठक नव्हे. बहुतेक राज्यांत ती सरकारी निवडणूक असते. मतदान केंद्रं तीच, यंत्रं तीच, कर्मचारी तेच, खर्चही सरकारी. पक्षाने स्वतः भरवायची ती कॉकस, आणि ती आता मोजक्याच राज्यांत उरली आहे.

पक्षाचा मतदार व्हायला पावती लागत नाही. मतदार नोंदणीच्या अर्जावर एक चौकट असते, त्यात डेमोक्रॅटिक, रिपब्लिकन, दुसरा एखादा पक्ष किंवा कुठलाच नाही, यातल्या एकावर खूण करायची. शिफारस नाही, वर्गणी नाही, आणि पक्ष तुम्हाला नाकारू शकत नाही. टेक्सास, जॉर्जिया, व्हर्जिनिया अशा राज्यांत तर ती चौकटही नसते. तिथे मतदानाच्या दिवशी सांगायचं, आज मला अमुक पक्षाची मतपत्रिका द्या.

न्यू जर्सीचं नीट लिहून घ्या, कारण तुमच्याकडे तेच विचारतील. नवी नोंदणी मतदानाच्या २१ दिवस आधी संपते. ज्याची कुठल्याही पक्षात नोंद नाही तो प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगू शकतो. पण एकदा मत दिलं की त्या पक्षाची नोंद त्याच्या नावापुढे लागते आणि तो स्वतः बदलेपर्यंत तशीच राहते. आधीपासून दुसऱ्या पक्षात नोंद असेल तर बदलाचा अर्ज ५५ दिवस आधी जायला हवा. नेमके इथे लोक अडकतात. चार वर्षांपूर्वी कुठल्या प्रायमरीत मत दिलं होतं ते आठवत नाही, आणि जूनमध्ये केंद्रावर गेल्यावर कळतं की नाव दुसऱ्याच यादीत आहे. टपालाने मत देणाऱ्यांचा घोटाळा वेगळा: ज्याच्या नावापुढे पक्ष नाही त्याला प्रायमरीची टपाली मतपत्रिका येत नाही, आधी पक्ष कळवावा लागतो.

न्यूयॉर्कची प्रायमरी बंद पद्धतीची, म्हणजे फक्त त्या पक्षात नोंदलेल्यांसाठी. २०१६ मध्ये तिथला नियम फारच कडक होता. एप्रिलच्या प्रायमरीसाठी पक्षबदल आदल्या ऑक्टोबरातच करायचा होता. डोनाल्ड ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांनी तो वेळेत केला नव्हता, त्यामुळे वडिलांनाच प्रायमरीत मत देता आलं नाही. नंतर ती मुदत १४ फेब्रुवारीपर्यंत आणली.

कॅलिफोर्नियातला एक सापळा पण तक्त्यात घ्या. तिथे अमेरिकन इंडिपेंडंट नावाचा खराखुरा पक्ष आहे. आपण कुठल्याच पक्षाचे नाही, स्वतंत्र आहोत, असं समजून बऱ्याच लोकांनी त्याच चौकटीत खूण केली आणि ते नकळत त्या पक्षाचे मतदार झाले. स्वतंत्र राहायचं असेल तर 'पक्षपसंती नाही' अशा अर्थाची चौकट शोधायची.

आणि हे वाचून आपल्याकडचे लोक दचकतील: कोण कुठल्या पक्षात नोंदलेला आहे आणि त्याने कोणत्या प्रायमरीत मत दिलं, ही नोंद तिथे मिळू शकते. मत कुणाला दिलं ते गुप्त, मतदानाला गेला की नाही हे गुप्त नाही. प्रचाराची सगळी यंत्रणा याच यादीवर उभी असते.

अलकापुरीची_मेधा

मी सह्यांबद्दल लिहिते, कारण बहुतेक नवखे उमेदवार मतदानाच्या आधी तिथेच बाद होतात.

आपल्याकडे अनामत भरली आणि सूचकांच्या सह्या दिल्या की अर्ज झाला. तिकडे दोन वाटा आहेत, फी किंवा सह्या, आणि प्रमाण राज्याराज्यात इतकं वेगळं आहे की थक्क व्हायला होतं. खालच्या सभागृहासाठी, म्हणजे हाऊससाठी, फ्लोरिडात पक्षाच्या उमेदवाराची फी सदस्याच्या वार्षिक पगाराच्या ६ टक्के, म्हणजे १,७४,००० डॉलरवर १०,४४० डॉलर. टेक्सासमध्ये ३,१२५ डॉलर किंवा त्याऐवजी ५०० सह्या. कॅलिफोर्नियात पगाराच्या १ टक्का, १,७४० डॉलर. न्यूयॉर्कमध्ये फी नाही, सह्याच हव्यात: हाऊससाठी १,२५० किंवा पक्षाच्या नोंदलेल्या मतदारांच्या ५ टक्के, दोन्हींतला कमी आकडा. मुदत ३७ दिवस, तीही फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीच्या थंडीत.

न्यूयॉर्कचं सह्यांचं पान डोळ्यांसमोर आणा. डेमोक्रॅटिक पक्षाचं हिरव्या कागदावर, रिपब्लिकनचं लालसर. वरती उमेदवाराचं नाव, पद, राहण्याचा पत्ता. मध्ये ओळी: तारीख, सही, छापील अक्षरांत नाव, घरचा पत्ता, गाव किंवा काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). तळाला साक्षीदाराचं निवेदन: मी अमुक, त्याच पक्षाचा नोंदलेला मतदार, या पानावर इतक्या सह्या माझ्यासमोर झाल्या, आणि मग त्याची सही व तारीख.

चुका होतात त्या याच तळाच्या चौकटीत. साक्षीदाराची तारीख सह्यांच्या तारखेच्या आधीची पडली की पान गेलं. सह्या आठ आणि आकडा नऊ लिहिला तरी अख्खं पान धोक्यात येतं. सही करणारा दुसऱ्या पक्षात नोंदलेला असेल तर ती ओळ बाद. त्याने त्याच पदासाठी आधी दुसऱ्या उमेदवाराच्या पानावर सही केली असेल तर आधीची धरतात, तुमची जाते. म्हणून पहिल्या आठवड्यातली सही शेवटच्या आठवड्यातल्या सहीपेक्षा भक्कम.

पानं दाखल झाली की विरोधकाला तीन दिवसांत हरकत घेता येते, आणि पुढच्या सहा दिवसांत कोणती ओळ का चुकली ते तपशीलवार द्यायचं असतं. प्रस्थापित उमेदवाराकडे यासाठी वकील तयारच असतात. त्यामुळे १,२५० हव्या असल्या तरी ३,५०० ते ४,००० गोळा करायच्या असा शिरस्ता आहे. हिशोब करून बघा: दारोदार फिरून तासाला आठ सह्या मिळाल्या तरी वेग चांगला म्हणायचा. ४,००० सह्यांना ५०० तास. ३७ दिवसांत रोज साडेतेरा तास, म्हणजे रोज पाच माणसं जवळजवळ तीन-तीन तास. हा आकडा बैठकीत फळ्यावर मांडा, लोकांना चटकन कळेल की तळागाळातून उभं राहणं म्हणजे काय.

पैसे देऊन सह्या आणवल्या तर काय होतं ते मिशिगनने २०२२ मध्ये दाखवलं. गव्हर्नरच्या रिपब्लिकन प्रायमरीसाठी १५,००० वैध सह्या लागत होत्या. दहापैकी पाच उमेदवार बाद झाले, त्यांत डेट्रॉइटचे माजी पोलीस प्रमुख जेम्स क्रेग आणि उद्योजक पेरी जॉन्सन हे आघाडीचे दोघेही. सह्या गोळा करणाऱ्या ३६ जणांनी निरनिराळ्या उमेदवारांच्या अर्जांत मिळून किमान ६८,००० खोट्या सह्या घुसडल्या, असं तिथल्या निवडणूक विभागाने नोंदवलं. चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात आणि एकेक ओळ आळीपाळीने भरतात, म्हणजे अक्षर वेगवेगळं दिसावं. मूळ मतदारयादीशी सही ताडून पाहिली की ते उघडं पडतं. उमेदवारांनी आपलेच कागद दाखल करण्याआधी मतदारयादीशी ताडून पाहिले असते तर ते वाचले असते.

दांडियाबाजारकर

मेधाताई, पानाचं वर्णन उत्तम, तसंच चित्र काढून लावतो. आता मुख्य शंका. सह्या झाल्या, नाव आलं. तरी पक्षश्रेष्ठींना तो नको असेल तर? आपल्याकडे २०१४ ला काँग्रेसने निवडक मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला होता, त्यात बडोदेही होतं आणि इंदूरही. त्याची तुलना बैठकीत नक्की निघणार.

न्यायमंदिराजवळ

ती तुलना काढाच, कारण फरक तिथेच स्पष्ट होतो.

२०१४ च्या त्या प्रयोगात मत देणारे पक्षाचे त्या मतदारसंघातले पदाधिकारी आणि प्रतिनिधी होते, सामान्य मतदार नव्हते. बडोद्यात नरेंद्र रावत निवडून आले. मग भाजपकडून नरेंद्र मोदी बडोद्यातून उभे राहणार हे ठरलं आणि काँग्रेसने रावत यांच्या जागी मधुसूदन मिस्त्री यांना उमेदवारी दिली. मोदी ५,७०,१२८ मतांनी जिंकले. मिस्त्री योग्य होते की रावत, हा वेगळा वाद आहे. मुद्दा असा की आपल्या कायद्यात चिन्ह कुणाला द्यायचं याचा अधिकार पक्षाने नेमलेल्या माणसाच्या सहीत आहे. त्यामुळे पक्षाने घेतलेली प्रायमरी पक्षच मोडू शकतो, आणि मतदाराला कोर्टातही जाता येत नाही.

अमेरिकेत प्रायमरी राज्याच्या कायद्याने होते, म्हणून निकाल पक्षाला मोडता येत नाही. जिंकलेला माणूस पक्षाच्या अध्यक्षाला डोळ्यांसमोर नको असला तरी नोव्हेंबरच्या, म्हणजे मुख्य निवडणुकीच्या, मतपत्रिकेवर पक्षाच्या नावासमोर त्याचंच नाव छापलं जातं. हे आयतं मिळालेलं नाही. विस्कॉन्सिनने रॉबर्ट ला फॉलेट गव्हर्नर असताना १९०३–०४ मध्ये राज्यभर थेट प्रायमरीचा कायदा केला, तोवर उमेदवार पक्षाच्या अधिवेशनातले प्रतिनिधी ठरवत. टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्ष म्हणायचा, आम्ही खाजगी संस्था आहोत, आमच्या प्रायमरीत कृष्णवर्णीयांना घ्यायचं की नाही ते आम्ही ठरवू. तिथे त्या काळी डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकणं म्हणजेच निवडून येणं होतं, म्हणजे खरं मत हिरावूनच घेतलेलं. १९४४ च्या स्मिथ विरुद्ध ऑलराइट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रायमरी हा निवडणुकीचाच भाग आहे, तिथे वर्णावरून कुणाला वगळता येणार नाही. प्रायमरीच्या इतिहासातला मला सगळ्यात मोठा वाटणारा निकाल हा.

राष्ट्राध्यक्षपदाचं मात्र निराळं. तिथे मतदार थेट उमेदवार निवडत नाही, अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी निवडले जातात. १९६८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता शिकागोच्या अधिवेशनात उमेदवार झाले, बाहेर रस्त्यावर दंगल उसळली, आणि त्यानंतर पक्षाच्या मॅकगव्हर्न–फ्रेझर आयोगाने नियम बदलले. प्रतिनिधी प्रायमरीतल्या मतांना बांधले गेले ते तेव्हापासून.

त्यातलं गणित मजेदार आहे. डेमोक्रॅट्सकडे १५ टक्क्यांची अट आहे, त्याखालच्याला शून्य. समजा एका मतदारसंघात सहा प्रतिनिधी आहेत. अ ला ५०, ब ला ३६, क ला १४ टक्के. क बाद. उरलेल्या ८६ मध्ये अ चा वाटा ३.४९ प्रतिनिधी, ब चा २.५१. पूर्णांक तीन आणि दोन, उरलेला एक ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला, म्हणजे ब ला. निकाल तीन–तीन! चौदा टक्क्यांनी पुढे राहूनही अ ला काही फायदा नाही. हाच मतदारसंघ पाच प्रतिनिधींचा असता तर अ ला तीन, ब ला दोन. म्हणून जाणते प्रचारप्रमुख विषम संख्येच्या मतदारसंघांत माणसं जास्त पाठवतात. रिपब्लिकनांकडे काही राज्यांत सगळेच प्रतिनिधी पहिल्याला मिळतात. २०१६ मध्ये फ्लोरिडात ट्रम्प यांना ४५.७ टक्के मतं पडली आणि ९९ च्या ९९ प्रतिनिधी मिळाले. मार्को रुबियो त्यांच्याच राज्यात हरले आणि त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले.

जर्सीतला_बडोदेकर

श्रेष्ठी निकाल मोडू शकत नाहीत हे खरं, पण मतपत्रिकेच्या मांडणीत हात घालू शकत होते. न्यू जर्सीत हे २०२४ पर्यंत चाललं, त्यामुळे तक्त्यात याला वेगळी चौकट द्या.

त्याला 'काउंटी लाइन' म्हणत. २१ पैकी १९ काउंट्यांत ही पद्धत होती. मतपत्रिका म्हणजे एक मोठी चौकटींची जाळी. काउंटी पक्षाने पसंत केलेले सगळे एका स्तंभात: वरती गव्हर्नर किंवा सिनेटचा उमेदवार, त्याखाली हाऊस, त्याखाली काउंटीची पदं, सगळ्यात खाली गावचे सदस्य. प्रत्येकाच्या नावाबरोबर पक्षाचं एकच घोषवाक्य. ज्याला पसंती नाही त्याचं नाव दूर उजवीकडे, मधल्या काही चौकटी कोऱ्या, कधी अनोळखी उमेदवारांच्या रांगेत. मतदार वरचं ओळखीचं नाव बघतो आणि बोट सरळ खाली आणतो. नोव्हेंबरात भोपळा उभा केला तरी निवडून येईल अशा मतदारसंघात ही एक रांगच आमदार ठरवायची.

सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये आरोपपत्र आलं, दुसऱ्याच दिवशी हाऊसचे सदस्य अँडी किम यांनी त्यांच्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. पुढे गव्हर्नरच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या आणि अनेक मोठ्या काउंटी अध्यक्षांनी त्यांना पाठिंबा दिला. पण मॉनमथ, बर्लिंग्टन, हंटरडन इथे काउंटी पक्षाच्या सदस्यांनी गुप्त मतदान केलं तेव्हा किम पुढे निघाले. हे ध्यानात ठेवा: हात वर करून नाही, चिठ्ठीवर. मर्फी यांनी मार्चअखेर माघार घेतली. किम यांनी मतपत्रिकेवरच दावा लावला होता, त्यात २९ मार्च २०२४ ला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत ही रांग वापरायला मनाई केली. २०२५ मध्ये कायदाच बदलला. आता एका पदाचे सगळे उमेदवार एकाच गटात छापतात.

एक पायरी कुणी सांगत नाही ती सांगतो. प्रत्येक मतदान विभागातून काउंटी समितीचे सदस्यही प्रायमरीतच निवडले जातात. काउंटीचा अध्यक्ष हेच लोक निवडतात. सह्या अगदी मोजक्या लागतात, आणि बऱ्याच जागांवर कुणी उभंच राहत नाही. नागरिक असलेला तुमचा भाचा हाऊसला उभा राहणार नाही, पण या जागेवर आरामात बसू शकतो.

सुरसागरकाठ

सगळं बरोबर आहे, तरी दुसरी बाजू तक्त्यात नसेल तर बैठकीची दिशाभूल होईल. प्रायमरीला येतात फार थोडे लोक. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या १४ व्या मतदारसंघात अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्तेझ यांनी दहा वेळा निवडून आलेले जोसेफ क्राउली यांना हरवलं, तेव्हा दोघांची मिळून मतं तीस हजारांच्या आत होती. मतदारसंघ सुमारे सात लाख लोकवस्तीचा. २०१४ मध्ये व्हर्जिनियात हाऊसमधले बहुमताचे नेते एरिक कँटर डेव्ह ब्रॅट या प्राध्यापकाकडून हरले, तेव्हा एकूण मतं पासष्ट हजारांच्या आसपास. मतदारसंघ एकतर्फी असेल तर नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती उरते, आणि एवढेसे लोक लाखोंचा प्रतिनिधी ठरवतात. जे येतात ते कट्टर असतात, म्हणून सदस्य नोव्हेंबरच्या मतदाराला नाही तर जूनच्या मतदाराला भितो.

२०१० मध्ये डेलावेअरमध्ये रिपब्लिकन मतदारांनी माइक कॅसल यांना डावलून क्रिस्टीन ओ'डोनेल यांना निवडलं आणि हातात आलेली सिनेटची जागा डेमोक्रॅट ख्रिस कून्स यांच्याकडे गेली. याला मी लोकांची निवड म्हणेन, पण शहाणी निवड म्हणणार नाही.

अलकापुरीची_मेधा

सुरसागरकाका, आक्षेप रास्त आहे, त्यावर उपायही झालेत आणि त्यांची किंमतही मोजावी लागली आहे. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये मतदारांचा कौल घेऊन सगळ्या पक्षांची एकच प्रायमरी केली, पहिले दोघे नोव्हेंबरात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. २०१२ ला ३१ व्या मतदारसंघात कल डेमोक्रॅट्सकडे होता, पण त्यांचे चार उमेदवार उभे राहिले, मतं फाटली आणि नोव्हेंबरला दोन्ही रिपब्लिकन! मतदारांच्या हाती निवडच राहिली नाही. अलास्काने २०२२ पासून पहिले चार पुढे न्यायचे आणि नोव्हेंबरात पसंतीक्रमाने मत घ्यायचं असं केलं. रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की त्यात टिकल्या. २०१० मध्ये पक्षाच्या प्रायमरीत त्या हरल्या होत्या आणि मतपत्रिकेवर मतदारांनी हाताने नाव लिहून त्यांना निवडून दिलं होतं.

न्यू जर्सीत तर नुसतं सगळ्यांत पुढे असणं पुरतं. २०२५ च्या गव्हर्नर प्रायमरीत सहा डेमोक्रॅट होते आणि मिकी शेरिल चौतीस टक्क्यांच्या आसपास मतांवर जिंकल्या. टेक्सास, जॉर्जियात निम्म्याहून जास्त हवीत, नाहीतर दुसरी फेरी. न्यूयॉर्क शहरात पाचपर्यंत पसंतीक्रम. जून २०२५ मध्ये महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत झोहरान ममदानी यांनी अँड्र्यू कुओमो यांना असंच हरवलं. कुओमो नोव्हेंबरात पुन्हा स्वतंत्र उभे राहिले आणि पुन्हा हरले. बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला तसं उभंच राहता येत नाही, बंडखोरीला तिथे कायद्यानेच बंदी.

कमी मतदानाचं म्हणाल, तर माझ्या मते तीस हजार मतं ही कार्यकर्त्याला मिळालेली संधी आहे. तेवढे दरवाजे माणसांनी ठोठावता येतात, सात लाख येत नाहीत.

मकरपुरा_पेजप्रमुख

दरवाजांवरून सांगतो. आपल्याकडे गुजरातेत मतदारयादीचं एक पान एका कार्यकर्त्याकडे असतं, तिकडे त्या जागी 'वॉक लिस्ट', म्हणजे दारोदार फिरायची यादी, असते. फरक एवढा की आपलं पान सगळ्यांचं, त्यांचं पान चाळलेलं. मागच्या चारपैकी दोन तरी प्रायमरींत मत दिलं असेल अशांचीच नावं काढतात. रस्त्याच्या एका बाजूची घरं सलग, मग दुसरी बाजू, म्हणजे सारखा रस्ता ओलांडावा लागत नाही. प्रत्येक भेटीनंतर एक ते पाच आकडा: एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधात. शेवटच्या चार दिवसांत फक्त एक आणि दोनच्या दारी जायचं. पाचच्या दारी जाऊन वाद घालण्यात नवखे कार्यकर्ते अर्धा दिवस घालवतात, आणि त्या वादाने समोरचा हमखास मतदानाला जातो.

१९९८ मध्ये न्यू हेवनमध्ये ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या संशोधकांनी मतदारांचे गट पाडून प्रयोग केला. प्रत्यक्ष दारात जाऊन बोलल्याने मतदान स्पष्ट वाढलं, फोनने जवळजवळ नाही. तेव्हा पोरांना फोनवर बसवण्याआधी रस्त्यावर पाठवा.

आता ग्रीन कार्ड आणि एच-वन-बी, यात मोकळं बोललंच पाहिजे. मत फक्त नागरिकाचं. गाडी चालवायचा परवाना काढायला गेल्यावर तिथेच मतदार नोंदणीचा कागद पुढे येतो, १९९३ च्या कायद्याने तशी सोय आहे. नागरिक नसताना त्यावर सही करू नये, चुकूनही नाही. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तो प्रश्न विचारतात आणि सगळं अडकतं. ग्रीन कार्डवाल्याला देणगी देता येते, एच-वन-बीवाल्याला नाही. २०२५–२६ साठी मर्यादा एका निवडणुकीला ३,५०० डॉलर, प्रायमरी आणि नोव्हेंबर वेगवेगळं धरतात. एकूण २०० डॉलरच्या वर गेलं की नाव, पत्ता, नोकरी, मालकाचं नाव जाहीर होतं. बडोद्यातून आई-वडिलांनी मुलाच्या खात्यात पैसे टाकून त्याच्या नावाने देणगी द्यायची, हा सरळ गुन्हा आहे. बिनपगारी मदत मात्र एच-वन-बीवालाही करू शकतो: पत्रकं वाटणं, भाषांतर करणं, दारोदार जाणं. प्रचाराचा पैसा कुठे खर्च करायचा या निर्णयात बसायचं नाही, एवढंच.

दांडियाबाजारकर

मंडळी, मनापासून आभार. सुरसागरकाका, तुमची बाजू डाव्या कोपऱ्यात वेगळी लिहितो. शेवटचं एक: ५५ दिवस, २१ दिवस हे लोकांच्या डोक्यात राहत नाही. तारखेत कसं सांगू?

जर्सीतला_बडोदेकर

२०२६ चं उदाहरण घ्या. न्यू जर्सीची प्रायमरी जूनच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी, म्हणजे २ जून. पक्ष बदलायचा अर्ज ८ एप्रिलपर्यंत, नवी नोंदणी १२ मेपर्यंत. त्या वर्षापासून एक नवीन गोष्टही आहे: १७ वर्षांचा मुलगा नोव्हेंबरपर्यंत १८ चा होणार असेल तर त्याला जूनच्या प्रायमरीत मत देता येतं, पण नाव आधी नोंदवलेलं हवं. या तिन्ही तारखा तक्त्यात लाल शाईने लिहा, आणि ज्यांची नातवंडं तिकडे बारावीत आहेत त्यांना वेगळं सांगा.